सोलचा नामसान टॉवर एका दिवसात: आधी आभाळ बघा, तिकीट शेवटी काढा

दक्षिण कोरियाला जाऊन आलेल्यांकडून नामसान टॉवरबद्दल एकच रडगाणं ऐकू येतं. केबलकारच्या रांगेतच अर्धा जीव गेला, वर पोचेस्तोवर सूर्य मावळला आणि काचेतून पांढरट धुराशिवाय काही दिसलंच नाही. यात टॉवरचा दोष नाही, क्रमाचा आहे. लोक घरी बसून आधी तिकीट बुक करतात, मग त्या तिकिटाच्या तारखेला हवा असेल तशी गोड मानून घेतात, आणि वर कसं जायचं हा विचार मेट्रोतून बाहेर पडल्यावर सुरू होतो. हे सगळं उलटं करायचंय. खाली क्रमाने लिहिलंय, त्याच क्रमाने करा.

१. आधी नाव पक्कं करा

सोलमध्ये उंचावरून शहर बघायच्या दोन मोठ्या जागा आहेत आणि ऑनलाइन तिकिटं काढताना लोक त्यांची सर्रास अदलाबदल करतात. आपल्याला जायचंय तो नामसान सोल टॉवर, ज्याला एन सोल टॉवर असंही म्हणतात, तो शहराच्या मधोमध नामसान टेकडीवर आहे. 'सोल स्काय' ही वेगळी जागा, ती जामसिलला लोट्टे वर्ल्ड टॉवरमध्ये आहे, म्हणजे नामसानपासून सरळ रेषेत साधारण ११ किलोमीटर लांब. एकाचं तिकीट दुसरीकडे चालत नाही.

मॅपवर नुसतं 'नामसान' टाकू नका. या नावाचे डोंगर कोरियात आणखीही आहेत, ग्योंगजूचा नामसान तर चांगलाच प्रसिद्ध आहे. 'नामसान सोल टॉवर' असं पूर्ण टाका.

*चेक:* पिन शहराच्या मध्यात, म्योंगदोंग या खरेदीच्या भागाच्या दक्षिणेला आणि हान नदीच्या उत्तरेला पडलीय ना? मग बरोबर.

२. दिवस हवेवरून निवडा, कॅलेंडरवरून नाही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टॉवर स्वतः सुमारे २३६ मीटरचा आणि टेकडीची उंची धरली तर त्याचं टोक समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४८० मीटरवर. एवढ्या उंचीवरून कागदावर क्षितिज साठ-सत्तर किलोमीटर लांब जातं. पण प्रत्यक्षात किती दिसणार हे उंची ठरवत नाही, हवेतली धूळ ठरवते. सोलला बारीक धुळीचा त्रास हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत जास्त असतो, आणि मार्च ते मे मध्ये वाळवंटाकडून येणारी पिवळी धूळ वेगळी, तिला तिकडे ह्वांगसा म्हणतात. चेरीचा मोसम म्हणून एप्रिलमध्ये गेलेल्यांना धूसर फोटो मिळतात ते यामुळेच. जूनच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत पावसाळा, त्यात टेकडीवर ढग उतरला की सगळंच पांढरं. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस सगळ्यात भरवशाचे.

आता नेमकं बघायचं काय? हवामानाच्या ॲपमध्ये सूर्याचं चित्र आहे म्हणून खूश होऊ नका, ऊन आणि धूळ दोन्ही एकाच दिवशी असू शकतात. पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धुळीचा आकडा (दर घनमीटरला मायक्रोग्रॅम) बघा. कोरियात १५ पर्यंत चांगली हवा, १६ ते ३५ साधारण, ३६ ते ७५ खराब आणि त्यावर अतिखराब अशी विभागणी आहे. १५ च्या आत असेल तर सगळं सोडून त्या दिवशी जा. २५ च्या आसपास असेल तर शहर दिसेल पण लांबचे डोंगर फिके दिसतील. ३६ च्या वर गेला तर तो दिवस राजवाडे, म्युझियम, खरेदी यांना द्या. पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ किंवा दुपार बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ असते, त्यामुळे पावसाने एक दिवस वाया गेला म्हणून चिडचिड न करता दुसऱ्या दिवसाचा प्लॅन रिकामा करून ठेवा.

आणखी एक फुकटची सोय म्हणजे टॉवर स्वतःच रंग बदलून हवा सांगतो. रात्री निळा असेल तर हवा चांगली, हिरवा म्हणजे साधारण, पिवळा म्हणजे खराब, लाल म्हणजे अतिखराब. आदल्या रात्री हॉटेलच्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरून एकदा मान वर करून बघा. खास कार्यक्रमांच्या दिवशी वेगळी रोषणाई असते म्हणून आकड्याशी ताडून बघायचं.

*थांबा:* सोलमध्ये तीन-चार दिवस असाल तर टॉवरला कुठलाच दिवस आधीपासून देऊ नका. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा आणि त्यातली चांगली निवडा. तारीख बांधलेलं कॉम्बो तिकीट घेतलं की ही मोकळीक गेली, मग सवलत कितीही असो.

३. सूर्यास्ताची वेळ पाठ नको, त्या दिवसाची बघा

आपल्याकडे वर्षभरात सूर्यास्त तास-सव्वातास इकडेतिकडे होतो, त्यामुळे 'संध्याकाळी सहा-सातला जाऊ' असं तोंडातून सहज निघतं. सोल ३७.५ अंश उत्तरेला आहे, तिथे फरक बराच मोठा असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि जूनच्या शेवटी जवळजवळ आठला. ऑक्टोबरच्या मध्यात सहाला पाच मिनिटं कमी. डिसेंबरात सहाला पोचलात तर मिट्ट काळोख भेटणार, आणि जूनमध्ये सहाला पोचलात तर दोन तास ताटकळणार.

सूर्यास्ताची वेळ मिळाली की मागे मोजत या. टेकडीवर टॉवरच्या पायथ्याशी जो मोकळा प्लाझा आहे तिथे सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचायचं. तिकीट काढून लिफ्टला लागायचं ते साधारण पाऊण तास आधी. आणि सूर्य गेल्यावर लगेच निघायचं नाही, कारण शहराचे दिवे लागलेत आणि आभाळ अजून निळं आहे असा जो वेळ असतो तो सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी येतो. बहुतेक जण नेमके त्याआधी लिफ्टकडे वळतात!

गर्दी अजिबात सहन होत नसेल तर सकाळी जा, सूर्यास्त सोडून द्या. लहान मुलं बरोबर असतील तर मी हेच सुचवेन.

४. निघण्याआधीची तयारी

फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. गूगल मॅपची कोरियात पायी रस्त्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं बोंब आहे, आणि टेकडीवर चढताना नेमकं तेच लागतं. नेव्हर इंग्रजीत चालतो.

टी-मनी कार्ड घ्या, म्हणजे मेट्रो-बससाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. सीयू, जीएस२५ किंवा सेव्हन-इलेव्हनच्या कुठल्याही दुकानात मिळतं. पैसे मात्र बहुतेक ठिकाणी रोख देऊनच भरावे लागतात म्हणून थोडे वोन (तिकडचं चलन) खिशात हवेत. १०,००० वोन भरले तर एका दिवसाची मेट्रो-बस आरामात निघते. बसमध्ये रोख चालतच नाही असं धरून चाला.

बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं. आपल्याला ही सवय नाही म्हणून दहातले नऊ जण विसरतात. उतरताना टेकवलं तर अर्ध्या तासाच्या आत पुढची बस किंवा मेट्रो पकडल्यावर ट्रान्सफरची सवलत लागते, नाहीतर पुन्हा पूर्ण भाडं.

कपड्यांचं म्हणाल तर वर वारा असतोच. ऑक्टोबरच्या संध्याकाळी एक जाकीट हवंच, आणि जानेवारीत पारा शून्याच्या बराच खाली असतो तेव्हा हातमोजे-कानटोपीशिवाय प्लाझावर दहा मिनिटंही उभं राहवत नाही. शूज सपाट आणि पकड असलेले घाला, शेवटचा टप्पा कुठल्याही मार्गाने गेलात तरी चढाचा आहे. ड्रोन हॉटेलवरच ठेवा, मध्य सोलमध्ये उड्डाणाला बंदी आहे.

शाकाहारी असाल तर खाली म्योंगदोंगमध्येच पोटभर खाऊन निघा किंवा बरोबर काहीतरी ठेवा. दुकानातला तिकोनी किमबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, साधा वाटतो पण त्यात बरेचदा टूना असतो, आणि किमचीतही (कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं) सहसा माशाचा सॉस असतो.

*चेक:* टी-मनीत पैसे, फोन पूर्ण चार्ज, त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ आणि टॉवरच्या अधिकृत साइटवरून त्या दिवशीची बंद व्हायची वेळ. ही शेवटची गोष्ट वार आणि मोसमाप्रमाणे बदलते, म्हणून जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

५. वर जायचं कसं

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. स्वतःची किंवा भाड्याची गाडी टॉवरपर्यंत जात नाही, नामसानच्या वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना मनाई आहे. टॅक्सी करायचीच असेल तर केबलकारच्या खालच्या स्टेशनपर्यंतच करा. मग उरतात तीन रस्ते.

*बस.* माझं मत विचाराल तर वर जायला हीच. मेट्रोच्या ३ आणि ४ नंबर लाइनवरचं चुंगमुरो स्टेशन, तिथून २ नंबर एक्झिटने बाहेर आलं की ०१ए आणि ०१बी या नामसानच्या बसचा स्टॉप लागतो. दोन्ही वर्तुळाकार फिरतात म्हणून चढताना ड्रायव्हरला 'नामसान सोल थावो?' एवढं विचारून घ्या, मान हलवली की बसा. वरच्या स्टॉपवर उतरलं की टॉवर समोर दिसतो आणि लोकांना वाटतं पोचलो, पण तिथून प्लाझापर्यंत पाचेक मिनिटांचा चांगलाच उभा चढ आहे. गुडघेदुखीवाल्या आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, तिथे गेल्यावर सांगितलं की ऐकून घ्यावं लागतं.

*केबलकार.* ४ नंबर लाइनचं म्योंगदोंग स्टेशन, ३ नंबर एक्झिट, मग दहा मिनिटं चढाच्या गल्लीतून चालत. केबलकारचा प्रवास जेमतेम तीन मिनिटांचा, साधारण ६०० मीटर, आणि एका डब्यात ४८ माणसं, म्हणजे खिडकीला जागा मिळेलच असं नाही. शनिवार-रविवारी सूर्यास्ताच्या आधीच्या दोन तासांत रांग अशी वाढते की तीन मिनिटांच्या प्रवासासाठी तेवढं थांबायची माझी तरी तयारी नसते. वरच्या स्टेशनवरून प्लाझापर्यंत परत पायऱ्या आहेतच, त्यामुळे बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांना वाटते तेवढी ही सोयीची नाही.

*थांबा, दोन गैरसमज.* पहिला, केबलकारच्या तिकिटात टॉवरचं तिकीट येतं असं खूप जण धरून चालतात. येत नाही. केबलकार आणि टॉवर वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, दोन्हीचे पैसे वेगळे. दुसरा, नामसानच्या ३ नंबर बोगद्याच्या तोंडाशी 'ओरुमी' नावाची काचेची तिरकी लिफ्ट आहे, फुकट आहे, आणि ती टॉवरला नेते असं समजून लोक तिच्यात बसतात. ती फक्त केबलकारच्या खालच्या स्टेशनपर्यंतचा चढ वाचवते, बस एवढंच. शिवाय सोमवारी सकाळी देखभालीसाठी बंद असते.

*पायी.* केबलकारच्या खालच्या स्टेशनजवळून पायऱ्यांची वाट आहे, साधारण अर्धा-पाऊण तास. रोज चालायची सवय असेल तर मस्त, नसेल तर वर पोचल्यावर घामाने भिजलेले आणि वाऱ्यात कुडकुडत उभे अशी गत होते. ही वाट मी उतरण्यासाठी राखून ठेवायला सांगेन, त्याचं पुढे येतंच आहे.

६. प्लाझावर पोचलात, आता ठरवा तिकीट काढायचं का

टॉवरच्या पायथ्याची मोकळी जागा पूर्ण फुकट आहे हे बऱ्याच जणांना वर जाईपर्यंत माहीतच नसतं. आठ कोनांचा मंडप, जुन्या इशारा-मशालींचे चबुतरे, जोडप्यांनी प्रेमाची खूण म्हणून लावलेल्या कुलपांनी लगडलेले कठडे, सगळं इथेच. पैसे लागतात ते फक्त लिफ्टने वरच्या काचेच्या मजल्यावर जायला.

म्हणून तिकीट खिडकीकडे पळू नका. उत्तरेकडच्या कठड्यापाशी जा आणि शहराच्या पलीकडे बघा. तिथे बुखानसानची रांग आहे, सगळ्यात उंच सुळका ८३६ मीटरचा, अंतर साधारण बारा किलोमीटर. उघड्या ग्रॅनाइटचे फिकट कडे आणि त्यांच्या खालची झाडी वेगवेगळी ओळखू येत असेल तर बिनधास्त तिकीट काढा. नुसती राखाडी रेघ दिसत असेल तर थोडं थांबा, उजेड तिरका झाल्यावर कधीकधी सुधारतं. आणि डोंगरच दिसत नसेल तर पैसे वाचवा, कारण शंभर-सव्वाशे मीटर आणखी वर गेल्याने धूळ काही कमी होत नाही, वर जाऊन तुम्ही तीच धूळ काचेतून बघणार. अशा दिवशी प्लाझावरून दिवे लागताना बघा, जवळचं म्योंगदोंग तेवढं दिसतं.

गर्दीच्या दिवशी तिकीट मिळाल्यावरही लिफ्टसाठी थांबावं लागतं, म्हणूनच पाऊण तासाचा हिशोब सांगितला.

कुलूप लावायचं असेल तर त्यासाठी ठेवलेल्या कठड्यांनाच लावा आणि चावी खाली भिरकावू नका, टेकडीच्या उतारावर खाली वाटा आहेत आणि त्यावरून माणसं चालत असतात.

७. वर गेल्यावर

वरचा मजला काचबंद आहे, मोकळी गच्ची नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण फोटोची सगळी गणितं यावर आहेत.

लिफ्टमधून बाहेर आलं की सगळे समोरच्या पहिल्या काचेला चिकटतात. तुम्ही आधी एक पूर्ण फेरी मारा आणि दिशा लावून घ्या. उत्तरेला ग्योंगबोकगुंग राजवाडा आणि त्याच्या मागे डोंगर. दक्षिणेला हान नदी आणि पलीकडे गंगनाम. आग्नेयेला एकटा उभा दिसतो तो लोट्टे वर्ल्ड टॉवर, ५५५ मीटरचा. नैऋत्येला नदीच्या बेटासारख्या भागात योइदो, तिथली ६३ बिल्डिंग उन्हं उतरताना सोन्यासारखी चमकते. सूर्य हिवाळ्यात नैऋत्येकडे आणि उन्हाळ्यात वायव्येकडे मावळतो, त्यामुळे कुठल्या काचेपाशी जागा धरायची ते मोसमावर ठरतं, नुसतं 'पश्चिम' म्हणून उभं राहिलात तर डिसेंबरात खांबाआड जाल. काचांवर जगातल्या शहरांची नावं आणि अंतरं लिहिलीत ती दिवसाच्या उजेडात बघून घ्या, अंधार पडल्यावर त्यातून फोटो काढताना ती अक्षरंच आडवी येतात.

अंधारात फोटो काढताना काचेत आतले दिवे आणि तुमचाच चेहरा दिसतो. उपाय साधा आहे: लेन्स काचेला अगदी टेकवा, फ्लॅश बंद, आणि गडद जाकीट किंवा स्कार्फ फोनभोवती तंबूसारखा धरा. टेकवलेला फोन हलतही नाही, म्हणजे ट्रायपॉडची गरज नाही. काच आधी रुमालाने पुसून घ्या, दिवसभराचे बोटांचे ठसे त्यावर असतात आणि दिव्यांभोवती जे विचित्र वर्तुळ येतं ते बहुतेकदा त्यांचंच.

*चेक:* खाली यायच्या आधी तिथलं स्वच्छतागृह बघून घ्या, गंमत नाही, त्यालाही शहराकडे उघडणारी काच आहे आणि खाली रांग जास्त असते.

८. उतरायचं कसं

सूर्यास्तानंतर तासाभरात सगळे एकदम खाली यायला निघतात, म्हणून जाताना केबलकारची रांग टाळली तरी येताना तीच रांग गाठ पडते. बसलाही तेव्हा गर्दी होते पण ती पटापट हलते.

पाय चांगले असतील आणि जमीन कोरडी असेल तर उतरायला जुन्या तटबंदीची वाट घ्या. ही सोलच्या १८.६ किलोमीटरच्या तटबंदीचाच भाग आहे. प्लाझावरून पश्चिमेच्या बाजूला पायऱ्या उतरत जातात, मध्ये जामदुबोंगची फोटोसाठी बांधलेली जागा लागते, आणि तिथून शहराचे उंच टॉवर इतके जवळ दिसतात की वरच्या काचेतल्यापेक्षा हा फोटो मला जास्त आवडतो. पुढे बेकबोम चौकातून खाली होएह्योन स्टेशन, ४ नंबर लाइन, बाजूला नामदेमुन बाजार.

*थांबा:* पाऊस, बर्फ किंवा आदल्या रात्रीचं गोठलेलं पाणी असेल तर या पायऱ्या नकोत. मुकाट्याने बसने या.

बसने येताना कुठल्या मेट्रो स्टेशनला उतरायचं ते नाव आधी मॅपवर बघून ठेवा, ०१ए आणि ०१बी खाली आल्यावर वेगवेगळ्या भागांत जातात. शेवटच्या बसची वेळ स्टॉपवर लिहिलेली असते, तिचा फोटो वर पोचल्या पोचल्याच काढून ठेवायचा. आणि रस्ता चुकला, बस गेली, काही विसरलं तर १३३० हा पर्यटकांसाठीचा फोन चोवीस तास चालू असतो, इंग्रजीत बोलतात. अँब्युलन्सला ११९, पोलिसांना ११२.